एकटीच मॉली, टाकीत नर नाही, तरी दुसऱ्यांदा पिल्लं. असं खरंच होतं का?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. लेकीच्या वाढदिवसाला क्रॉफर्ड मार्केटहून एक काळी मॉली (छोटा शोभेचा मासा) आणली होती, मुद्दाम एकच, कारण आमच्याकडे जागा ती काय, टीव्हीशेजारी छोटी टाकी बसेल एवढीच. आणल्यावर काही दिवसांत तिला पिल्लं झाली, तेव्हा सगळे म्हणाले की येतानाच पोटात असणार, ठीक आहे. ती पिल्लं शेजारच्यांना देऊन टाकली. आता परत झालीत, आणि मधल्या काळात टाकीत दुसरा एकही मासा नव्हता. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो मॉलीचं असंच असतं, नर लागत नाही.

लेक आठवीत आहे. तिने कोमोडो ड्रॅगन (इंडोनेशियातली मोठ्ठी घोरपड) आणि शार्कबद्दल कुठेतरी वाचलंय की मादी एकटीच पिल्लं घालू शकते, आणि तेव्हापासून वर्गात सगळ्यांना सांगत सुटलीय की आमची मॉलीपण तशीच. बाई म्हणाल्या छान आहे, माहिती लिहून आण आणि वर्गात वाचून दाखव. आता मला टेन्शन, कारण चुकीचं काही वाचलं जाऊ नये. कोमोडोचं ते खरं आहे का, आणि असेल तर ज्या प्राण्यांमध्ये एरवी नर-मादी दोघंही लागतात त्यांच्यात मधेच हे कसं काय होतं? आणि आमच्या मॉलीचं काय?

टँकवाला_भांडुप

ताई, दुकानदाराचं सोडा, मॉलीला नर लागतो. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल, मॉली, हे जे अंडी न घालता थेट पिल्लं देणारे मासे आहेत त्यांच्यात मादी एकदा नराबरोबर राहिली की त्याचे शुक्राणू स्वतःच्या अंगात साठवून ठेवते आणि पुढचे कित्येक महिने त्यातलेच वापरून साधारण महिन्या-सव्वा महिन्याने पिल्लं देत राहते. दुकानात नर-माद्या एकाच टाकीत असतात, त्यामुळे तिथून आणलेली मोठी मादी नराला भेटलेलीच नाही असा चान्स जवळपास नाहीच. दुसऱ्या वेळेस काय, तिसऱ्या-चौथ्या वेळेसही पिल्लं झाली तरी घाबरू नका.

लेकीला एक वही करायला सांगा. पिल्लं झाली की सगळी लगेच बाजूला काढायची, कारण दोन-तीन महिन्यांत त्यातले नर वयात येतात आणि आईबरोबरच जमतात, मग पुढचं काहीच कळणार नाही. नर ओळखायचा तर पोटाखालचा मागचा पर बघा, नराचा बारीक आणि टोकदार होतो, मादीचा पसरट त्रिकोणी राहतो. आईला एकटीलाच ठेवायचं, दर वेळेस तारीख आणि पिल्लं किती झाली ते लिहायचं. साठा संपला की पिल्लं आपोआप थांबतील. भरपूर काळ गेला आणि तरीही चालूच राहिली तर इथे नक्की लिहा, मी स्वतः मुलुंडला येऊन बघेन.

जीवशास्त्र_दादर

टँकवाले दादांनी सांगितलं ते अगदी बरोबर, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. मी कॉलेजात झूलॉजी शिकवते आणि मुलं जेव्हा 'नराशिवाय पिल्लू' म्हणून व्हिडिओ घेऊन येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते की साठवलेले शुक्राणू नव्हते हे कशावरून. कारण साठवणूक ही फार लांबची असू शकते. अमेरिकेत रॅटलस्नेक सापाच्या एका मादीने नराची शेवटची भेट झाल्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळाने पिल्लं दिल्याची नोंद आहे, आणि त्या पिल्लांना बाप होता! त्यामुळे नुसतं 'इतकी वर्षं एकटी होती' एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, डीएनए बघावाच लागतो.

ताई, लेकीने वर्गात सांगावी अशी गोष्ट म्हणजे नेब्रास्कातल्या शार्कची. ओमाहाच्या हेन्री डोर्ली झू मध्ये बॉनेटहेड जातीच्या तीन शार्क माद्या होत्या, फ्लोरिडाच्या समुद्रातून लहानपणीच पकडून आणलेल्या, टाकीत त्यांच्या जातीचा नर कधीच नव्हता. डिसेंबर 2001 मध्ये त्या टाकीत एक पिल्लू दिसलं. थोड्याच वेळात टाकीतल्या एका पाकटीने ते मारलं. आता बघा शंका किती होत्या: पकडण्याआधीच नर भेटला असेल, किंवा टाकीतल्या दुसऱ्या जातीच्या शार्कशी संबंध आला असेल. पिल्लाचे नमुने जपून ठेवले होते म्हणून पुढे डीएनए तपासता आला, आणि त्यात बापाकडून आलेलं काहीही सापडलं नाही, जे होतं ते सगळं एकाच आईचं. हे 2007 मध्ये छापून आलं आणि शार्कमध्ये असं होतं याचा तो पहिला पक्का पुरावा.

हे होतं कसं? अंडं तयार होताना आईच्या पेशीतली गुणसूत्रं निम्मी होतात. त्या वाटणीत एक मोठी पेशी मिळते, ती अंडं, आणि बाकीच्या एकदम छोट्या पेशी, पोलर बॉडी, एरवी मरून जातात. बाकीची निम्मी गुणसूत्रं शुक्राणूने आणायची असतात. पण कधीकधी शुक्राणू येतच नाही आणि त्या छोट्या पेशींपैकी एक परत अंड्याशीच एकत्र होते. गुणसूत्रांची जोडी पूर्ण होते, अंडं वाढायला लागतं. यालाच पार्थेनोजेनेसिस, पुस्तकातलं अनिषेकजनन. लक्षात घ्या की असं पिल्लू आईची हुबेहूब कॉपी नसतं. आईकडे ज्या जनुकांच्या दोन वेगळ्या आवृत्त्या होत्या त्यातली बऱ्याच ठिकाणी एकच, ती पण दोनदा, पिल्लाकडे येते. म्हणून ते आईपेक्षा जनुकांच्या बाबतीत गरीब असतं. आईत एखादा दोष लपून बसला असेल तर पिल्लात तो उघडा पडतो, आणि अशी बरीच पिल्लं अंड्यातच किंवा लहानपणी जातात ती यामुळे.

मॉलीबद्दल एक राहिलं. दुकानदार म्हणतो ते कदाचित ॲमेझॉन मॉलीवरून आलं असावं. हा टेक्सास आणि मेक्सिकोकडचा मासा, नाव ॲमेझॉन असलं तरी त्या नदीशी संबंध नाही. ही जात पूर्ण माद्यांची आहे, 1932 मध्ये हे कळलं. पण गंमत अशी की तिलाही नर लागतोच, तो शेजारच्या दुसऱ्या जातीचा. त्याच्या शुक्राणूने अंडं फक्त जागं होतं, त्याची जनुकं पिल्लात जात नाहीत, मुली सगळ्या आईसारख्या. तुमच्या टाकीतली काळी मॉली ती नव्हे.

मुलुंडकर

मॅडम, दादा, खूप खूप आभार. लेकीला वाचून दाखवलं, शार्कचं ऐकून पिल्लू मेल्याचं तिला फार वाईट वाटलं. वही सुरू झालीय. तिचा पुढचा प्रश्न, शार्कला मुलगी झाली का मुलगा? आणि कोमोडोला? कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे आई एकटी असेल तर मुलगीच व्हायला हवी ना.

जीवशास्त्र_दादर

फार चांगला प्रश्न विचारला तिने, माझ्या टीवायच्या मुलांना हा सुचत नाही. शार्कला मुलगीच झाली. कोमोडोला मात्र फक्त मुलगे होतात!

शार्कमध्ये आपल्यासारखंच, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची जोडी मादीत एक्स-एक्स आणि नरात एक्स-वाय. आई एकटी म्हणजे वाय आणणार कोण, त्यामुळे मुलीच. कोमोडोमध्ये आणि पक्ष्यांमध्ये उलट आहे. तिथे नराकडे दोन सारखी, झेड-झेड, आणि मादीकडे दोन वेगळी, झेड आणि डब्ल्यू. आता मी वर सांगितलं तसं एकच आवृत्ती दोनदा आली तर दोनच शक्यता, झेड-झेड नाहीतर डब्ल्यू-डब्ल्यू. डब्ल्यू-डब्ल्यू गर्भ टिकत नाही. उरला झेड-झेड, म्हणजे मुलगा.

इंग्लंडमध्ये चेस्टर झूची फ्लोरा नावाची कोमोडो मादी, नर कधी भेटलाच नव्हता, तिने 2006 मध्ये 25 अंडी घातली, त्यातली 11 वाढत होती. काही मधे खराब झाली, तीच डीएनएसाठी वापरली आणि बाप नाही हे पक्कं झालं. जानेवारी 2007 मध्ये पिल्लं बाहेर आली. लंडन झूमध्ये सुंगाई नावाच्या मादीनेही हेच केलं होतं, आणि तिने नंतर नर मिळाल्यावर नेहमीच्या पद्धतीनेही पिल्लं दिली. म्हणजे एकाच मादीला दोन्ही रस्ते मोकळे. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलच्या मत्स्यालयात लिओनी नावाच्या झेब्रा शार्कचं उलट क्रमाने झालं, आधी नराबरोबर पिल्लं झाली होती, मग नर वेगळा केला, आणि काही वर्षांनी 2016 मध्ये नराशिवाय तीन पिल्लं.

कोमोडोला मुलगेच होण्यावरून एक अंदाज मांडला जातो की एकटी मादी पोहत एखाद्या रिकाम्या बेटावर पोचली तर ती आधी मुलगे देईल आणि मग त्यांच्याबरोबर वंश पुढे चालवेल. ऐकायला विचित्र वाटतं, आणि जवळच्या नात्यातली पैदास म्हणून त्याची किंमतही मोठी, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. शार्कला मात्र मुलीच होणार म्हणजे पुढच्या पिढीलाही नर शोधावाच लागणार.

रात्रपाळी

मी या विषयातला नाही, कॉल सेंटरला आहे, रात्री ब्रेकमध्ये वाचतोय, पण एक कळत नाही. जर मादीला एकटीने जमतंच तर सगळ्या प्राण्यांनी हेच का नाही केलं, निम्मी लोकसंख्या नर म्हणून सांभाळायची, भांडणं, पिसारा, शिंगं, इतका खर्च कशाला. आणि दुसरं म्हणजे हे सगळं झूमध्ये किंवा टाकीतच झालेलं दिसतंय, जंगलात, समुद्रात होतं का हे? का माणसाने कोंडलं म्हणून होतं?

गच्चीवरची_बाग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कुंड्यांमध्ये आहे. वसईला आमच्या गच्चीवर जास्वंद आणि वांगी आहेत, त्यांच्यावर मावा पडतो. हिरवे-काळे बारीक किडे, कोवळ्या शेंड्यावर चिकटलेले. आज एक दिसला आणि दुर्लक्ष केलं की आठवड्याने अख्खा शेंडा भरलेला. कारण त्या सगळ्या माद्या असतात, नराची वाट बघत नाहीत, अंडी पण घालत नाहीत, थेट पिल्लू बाहेर काढतात, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू वाढायला आधीच सुरू झालेलं असतं! 1740 मध्ये शार्ल बोने नावाच्या जिनिव्हाच्या तरुणाने नुकताच जन्मलेला एक मावा काचेखाली एकटा ठेवला आणि रोज नोंद केली, तिला 95 पिल्लं झाली. तेव्हाच्या लोकांना हे पटेना.

पण थंड देशात हाच मावा थंडी जवळ आली की नर काढतो, जोडीने अंडी घालतो आणि ती अंडी बर्फात टिकतात. म्हणजे दिवस चांगले असले की झटपट एकटीनेच, आणि पुढे काय होईल माहीत नाही अशा वेळी जोडीने, सरमिसळ करून. आपल्याकडे थंडी कसली, त्यामुळे बऱ्याच जाती वर्षभर नराशिवायच चालतात. सगळ्या एकसारख्या असल्याचा तोटाही आहे, एक रोग आला की त्या सगळ्यांनाच लागू पडतो. माझं वैयक्तिक मत, नर हा खर्च नाही, विमा आहे.

अजून एक, शेतकरी लोक उसाला आणि कपाशीला ट्रायकोकार्ड लावतात ना, त्यात ट्रायकोग्रामा नावाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी असते, किडीच्या अंड्यात स्वतःची अंडी घालते. तिच्या काही जातींमध्ये वोल्बॅकिया नावाचा जिवाणू पेशीत राहतो आणि तो असला की नराशिवाय फक्त मुलीच होतात. जिवाणू फक्त आईकडूनच पुढे जातो, त्याला मुलगे निरुपयोगी. शास्त्रज्ञांनी या माश्यांना अँटिबायोटिक दिलं तर मुलगे परत व्हायला लागले. हे मी कृषीच्या डिप्लोमाला असताना ऐकलं आणि तेव्हापासून कीटकांच्या नादी लागलोय.

जीवशास्त्र_दादर

मावा आणि ट्रायकोकार्ड दोन्ही उदाहरणं उत्तम दिलीत. त्यात मधमाशी जोडते, राणीने शुक्राणू न वापरता घातलेल्या अंड्यातून नर निघतो, म्हणजे नर मधमाशीला बाप नसतो पण आईच्या बाजूने आजोबा असतो. कीटकांमध्ये हा नेहमीचा कारभार झाला. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये मात्र तो अपवाद, म्हणून तिथे बातमी होते.

रात्रपाळी, जंगलातलं विचारलंत. 2012 मध्ये अमेरिकेत रानातल्या कॉपरहेड आणि कॉटनमाउथ या विषारी सापांच्या गाभण माद्या पकडून त्यांची पिल्लं तपासली, त्यात बाप नसलेली सापडली, आणि आसपास नर भरपूर होते. 2015 मध्ये फ्लोरिडात करवतीसारखं तोंड असलेल्या सॉफिशचे 190 मासे तपासले, त्यातल्या 7 जणांना बाप नव्हता. हे मोकळ्या पाण्यात, चांगले वाढलेले. सॉफिश तिथे फार कमी उरलाय, माद्यांना नर सापडत नसतील म्हणून हे होत असावं असा तपासणाऱ्या शास्त्रज्ञांचा विचार. आपल्या किनाऱ्यावरही सॉफिश आता दुर्मिळ झालाय, आणि कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

पण 'नर नाही म्हणून नाइलाजाने' हे सगळीकडे बसत नाही, आणि मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी केस तीच आहे. कॅलिफोर्निया कॉन्डर, आपल्या गिधाडासारखा प्रचंड पक्षी, 1982 मध्ये जगात फक्त 22 उरले होते. त्यांची पैदास करून संख्या वाढवली, म्हणून प्रत्येक पक्ष्याचा डीएनए आणि वंशावळ सॅन दिएगो झूच्या लोकांकडे आहे. 2021 मध्ये त्या नोंदी तपासताना दोन नर असे निघाले की ज्यांचा डीएनए कुठल्याही संभाव्य बापाशी जुळेना. आणि त्यांच्या दोन्ही आया प्रजननक्षम नरांबरोबरच राहत होत्या! दोघींना जोडीदाराकडून आधी पिल्लंही झाली होती. दोन्ही मुलगे, पक्ष्यांमध्ये व्हायला हवेत तसेच. एक 2 वर्षांचा व्हायच्या आत गेला, दुसरा 8 व्हायच्या आत, कॉन्डर एरवी कितीतरी जास्त जगतो. नर शेजारी असताना हे का व्हावं? मला वाटतं अंड्याची वाटणी कधीकधी चुकते आणि आपण नर असलेल्या ठिकाणी कधी शोधतच नाही, कारण बाप कोण हे गृहीत धरलेलं असतं. इतकी काटेकोर नोंद नसती तर हे दोघंही घरातल्या नराच्याच नावावर गेले असते.

रात्रपाळी

कॉन्डरचं वाचून झोप उडाली. मग माणसात? कुणी म्हणतं माणसातही शक्य आहे.

जीवशास्त्र_दादर

नाही. सस्तन प्राण्यांमध्ये हे आपोआप होत नाही. कारण काही जनुकांवर ती आईकडून आली का बापाकडून याची रासायनिक खूण असते, आणि त्यातली काही फक्त बापाकडून आली तरच चालू असतात. 1984 मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी, भारतीय वंशाचे, आणि अमेरिकेत आणखी एका गटाने उंदरांवर हे दाखवलं. दोन्ही बाजू आईच्या ठेवल्या तर वार (गर्भाला आईकडून पोषण देणारा भाग) नीट बनत नाही आणि गर्भ जगत नाही. जपानमध्ये 2004 मध्ये दोन माद्यांच्या अंड्यांपासून एक उंदरीण जन्माला घातली, मोठी झाली, तिला पिल्लंही झाली, पण त्यासाठी जनुकात मुद्दाम फेरफार करावा लागला आणि चारशेहून जास्त अंडी वापरून मोठी झालेली ही एकच.

मात्र बाईच्या अंडाशयात एखादं अंडं स्वतःच विभागायला लागतं हे खरं आहे. त्यातून बाळ होत नाही, गाठ होते. डरमॉइड सिस्ट म्हणतात ती, त्यात केस, दात सापडतात. बहुतेक वेळा साधी असते आणि ऑपरेशनने काढतात. कुणाच्या घरी अशी रिपोर्टात निघाली तर तिच्याबद्दल भलतंसलतं बोलू नका, लग्न झालेलं असो नसो, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. हे मी प्रत्येक बॅचला सांगते.

टँकवाला_भांडुप

मॅडम, हे शेवटचं लिहिलंत ते फार बरं केलंत, आमच्या नात्यात एका मुलीला यावरून खूप ऐकून घ्यावं लागलं होतं.

आरे_कॉलनी

उशिरा आलो, पण मुंबईतलंच एक उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. पावसाळ्यात बाथरूमच्या जाळीतून किंवा कुंडीखालून काळपट, चकचकीत, गांडुळाएवढा एक प्राणी निघतो आणि लोक मीठ नाहीतर फिनेल ओततात. तो वाळा, आपला सगळ्यात छोटा साप, बिनविषारी, मुंग्यांची अंडी आणि वाळवी खातो. या जातीत आजवर माद्याच मिळाल्यात, नर नाहीच. कोमोडोसारखं कधीमधी नाही, पिढ्यान्‌पिढ्या कायमच नराशिवाय, गुणसूत्रांचेही दोनाऐवजी तीन संच. त्यामुळे कुंडीच्या मातीतून एक जरी दुसऱ्या देशात गेली तरी तिथे वस्ती तयार. असं करत झाडांच्या कुंड्यांबरोबर जगभर पसरलाय.

मुलुंडकर

अरे देवा, आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात दोन मारले. गांडूळ आणि वाळा यात फरक कसा ओळखायचा? लेक म्हणते तिला हे पण वर्गात सांगायचंय.

आरे_कॉलनी

गांडुळाच्या अंगावर वळी असतात आणि ते आकसत-लांबत सरकतं. वाळा सापासारखा नागमोडी पळतो, अंग कोरडं आणि चकचकीत, खवले बारीक, नीट बघितलंत तर जीभ बाहेर काढताना दिसेल. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. कागदावर किंवा सुपलीत घेऊन बागेतल्या ओल्या मातीत सोडायचा, एवढंच. मीठ नको. एखादा प्राणी वाळा आहे का दुसरा साप असा संशय असेल तर, लांबी कितीही असो, हात न लावता सर्पमित्राला बोलवा, कारण मण्यार, फुरशाची पिल्लंही पावसात फिरतात.